फोटो रोज निघतो, शिकवला जात नाही : नववी-दहावीचा कला अभ्यासक्रम आखणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
नववी-दहावीच्या कलाशिक्षणाचा अभ्यासक्रम आखणाऱ्या समितीचे सन्माननीय सदस्य,

सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातील एका अनुदानित माध्यमिक शाळेत बावीस वर्षे चित्रकला शिकवत आहे. राज्यात नवा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने लागू होत आहे, आणि नववी-दहावीच्या कला विषयात काय असावे हे आपण ठरवाल तेव्हा एका कलाशिक्षकाचे म्हणणे आपल्यासमोर असावे, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच. पत्र खुले ठेवले आहे, कारण मी जे मागतो आहे त्यातले निम्मे आपल्या हाती असले तरी उरलेले निम्मे मुख्याध्यापकांच्या, पालकांच्या आणि माझ्यासारख्या कलाशिक्षकांच्या हाती आहे.

आमच्या शाळेत फोटो निघाला नाही असा दिवस सहसा जात नाही. वृक्षारोपण, स्वच्छता पंधरवडा, प्रभातफेरी, पोषण आहार, पाहुण्यांची भेट, शपथ, रांगोळी : प्रत्येक उपक्रमाचा फोटो वेळेत अपलोड व्हावा लागतो, आणि हल्ली त्याच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, अक्षांश आणि रेखांशही उमटलेले असावे लागतात. चित्रकलेचा शिक्षक म्हणून हे काम ओघानेच माझ्याकडे आले. वृक्षारोपणाच्या फोटोत फ्लेक्स पूर्ण दिसला पाहिजे, फ्लेक्सपुढे पाहुणे, पाहुण्यांच्या हातात झारी आणि मागे दोन ओळींत मुले असली पाहिजेत. रोप बहुधा पाहुण्यांच्या गुडघ्याआड जाते. या फोटोंचे काम पुरावा देण्याचे आहे आणि ते काम ते चोख करतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु पाचवीपासून अशा शेकडो फोटोंत उभे राहिलेले मूल त्यांतून काहीतरी शिकतच असते. काही वर्षांपूर्वी मी नववीच्या मुलांना ‘आपली शाळा’ एवढाच विषय देऊन फोटो काढायला सांगितले, तेव्हा आलेल्या चाळीसेक फोटोंपैकी बहुतेकांत शाळेच्या नावाची पाटी होती आणि पाटीखाली चार-पाच मित्र हात सरळ सोडून कॅमेऱ्याकडे पाहत उभे होते. फोटो म्हणजे रांगेत उभे राहणे, हा धडा आम्हीच इतक्या मन लावून शिकवला होता की मुलांना दोष देण्याची सोय नव्हती.

माझी विनंती अशी आहे की नववीच्या कला विषयात छायाचित्रणाचा निदान एका सत्राचा सलग प्रकल्प असावा, तो रेखाटनाला जोडलेला असावा, आणि त्याचे मूल्यमापन शेवटच्या छापील फोटोवरून न होता मुलाने सत्रभर ठेवलेल्या वहीवरून व्हावे. पुढचे सगळे या एका मागणीचे स्पष्टीकरण आहे.

छायाचित्रण हा नवा, महागडा आणि शहरी विषय आहे, असा समज मी अनेक बैठकांत ऐकला आहे, म्हणून थोडा इतिहास सांगतो. छायाचित्रणाचा शोध जगापुढे जाहीर झाला 1839 मध्ये. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी माणसे तिच्या कामात होती. 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतील पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक ठरले. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना 1857 ची आहे, म्हणजे मुंबईत छायाचित्रणाचा वर्ग जे. जे. च्या आधी भरत होता. पुढच्या काळातही हात आणि भिंग यांची फारकत झालेली नव्हती. दादासाहेब फाळके जे. जे. मध्ये चित्रकला शिकून मग बडोद्याच्या कलाभवनात गेले आणि तेथे छायाचित्रणातही रमले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत असत, आणि चित्रपटासाठी कॅमेरा हवा होता तेव्हा तो त्यांनी 1918 मध्ये स्वतः तयार केला. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या होमाई व्यारावाला याही जे. जे. च्याच विद्यार्थिनी. चित्रकलेची वही एका कपाटात आणि कॅमेरा दुसऱ्या कपाटात ही वाटणी आपल्या शाळांनी नंतर केली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये कला आणि विज्ञान, अभ्यासक्रमातले आणि अभ्यासक्रमाबाहेरचे यांच्यातील पक्क्या भिंती काढण्याची भाषा आहे, तर सुरुवात कला विषयाच्या आतल्या भिंतीपासून व्हावी.

आता आजची स्थिती. माध्यमिक शाळेत चित्रकला म्हणजे बहुतांशी शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांचे महाराष्ट्रावर मोठे उपकार आहेत, हे मी त्यांतूनच घडलेला विद्यार्थी म्हणून लिहितो. खेड्यातल्या मुलाच्या हाती ब्रश आला तो या परीक्षांमुळे. परंतु इंटरमिजिएटच्या अ श्रेणीला 7, ब श्रेणीला 5 आणि क श्रेणीला 3 असे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळू लागल्यापासून तयारीचे रूप पालटले आहे. स्मरणचित्राची गोष्ट घ्या. या प्रश्नपत्रिकेत मुलाने पाहिलेला प्रसंग आठवून काढायचा असतो. प्रत्यक्षात मुले तीन माणसे पाठ करून येतात : एक पाठमोरी बाई, एक वाकलेला पुरुष आणि एक हात वर केलेले मूल. विषय भाजी मंडई असो, बसथांबा असो की जत्रा, हीच तिघे जागा बदलून उभी राहतात आणि मागचे दृश्य तेवढे बदलते. मीही ही तिघे शिकवली आहेत, कारण साठ मुलांचा वर्ग, आठवड्याला दोन तास आणि निकालाची अपेक्षा यांत दुसरा मार्ग सापडत नाही. जे कधी नीट पाहिलेलेच नाही ते आठवणार कोठून? छायाचित्रणाचा प्रकल्प मला हवा आहे तो येथे, स्मरणचित्राच्या आधी. त्यातून मुले फोटोग्राफर होतील की नाही हा माझ्या दृष्टीने दुय्यम प्रश्न आहे.

आमच्या शाळेत हा प्रकल्प मी गेली सात-आठ वर्षे मिळेल त्या फटीत करत आलो आहे. पहिले दोन आठवडे कॅमेरा नसतोच. प्रत्येकाने घरातली एक जुनी लग्नपत्रिका आणायची, तिच्या जाड पुठ्ठ्यात काडेपेटीएवढी आयताकृती खिडकी कापायची, आणि एक डोळा मिटून त्या खिडकीतून पाहायचे. पत्रिका डोळ्याजवळ नेली की पटांगण मावते, हात लांब केला की फक्त नळाची तोटी उरते. खिडकीत काय ठेवले आणि काय बाहेर टाकले, ते वहीत पेन्सिलीने चार रेषांत उतरवायचे आणि ‘बाहेर टाकले’ या शीर्षकाखाली निदान तीन गोष्टी लिहायच्या. ही दुसरी यादी मुलांना आधी निरर्थक वाटते. उपक्रमाच्या फोटोत रोप कोठे गेले, हे मात्र त्यांना तेव्हापासून दिसू लागते.

मग एके दिवशी आम्ही वर्गाचाच कॅमेरा करतो. नववीच्या एका वर्गाच्या खिडक्या पश्चिमेला, बसस्थानकाच्या बाजूला आहेत. त्या सगळ्या काळ्या कागदाने बंद करून, दाराच्या फटीत जुने पडदे कोंबून, एका तावदानावरच्या कागदाला रुपयाच्या नाण्याएवढे भोक पाडतो. डोळे अंधाराला सरावेपर्यंत चार-पाच मिनिटे वर्गात दंगा असतो, आणि मग समोरच्या भिंतीवर हळूहळू आकाश खाली आणि जमीन वर असे बसस्थानक दिसू लागते. लाल एसटी छताजवळून सरकत जाते. मुलांना सर्वांत मोठे आश्चर्य वाटते ते रंगांचे, कारण सावलीसारखे काही काळे-करडे दिसेल अशी त्यांची अपेक्षा असते. नाण्याएवढ्या भोकावर त्याहून लहान भोकाचा पुठ्ठा धरला की चित्र रेखीव होते पण अंधारते, आणि पुठ्ठा काढला की उजळते पण पसरते. भिंगाच्या छिद्राविषयी फळ्यावर अर्धा तास बोलून जे समजत नाही ते येथे पुठ्ठा मागेपुढे करताना समजते. एका वर्षी एक मुलगा ओणवा होऊन दोन पायांमधून भिंतीकडे पाहू लागला आणि म्हणाला, “सर, बस सरळ झाली, पण पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखीच दिसतात.” माझ्याकडे त्या वेळी उत्तर नव्हते. भोकातून येणारे किरण वरचे खाली जातात हे मला पाठ होते, परंतु आपण भोकाकडे पाठ करून भिंतीकडे पाहतो तेव्हा डावे-उजवे जागच्या जागी राहते आणि वर-खाली तेवढे उलटते, म्हणून ओणवे झाल्यावर अक्षरे आरशातली होतात, हे विज्ञानाच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी फळ्यावर आकृती काढून आम्हा दोघांना समजावले. त्या दिवशी त्यांचा तास मी घेतला असे त्या अजून म्हणतात.

सायनोटाइपविषयी, म्हणजे उन्हाच्या मदतीने कागदावर निळी चित्रे उमटवण्याच्या पद्धतीविषयी, थोडक्यात लिहितो, कारण कॅमेरा आणि वीज दोन्ही नसलेल्या शाळेतही ते करता येते. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1842 मध्ये शोधलेली ही पद्धत आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची वेगवेगळी द्रावणे करून ठेवायची, ती समप्रमाणात मिसळून ड्रॉइंग पेपरवर मंद उजेडात ब्रशने लावायची, अंधारात वाळवायची, आणि त्यावर पान-फूल ठेवून उन्हात धरून पाण्यात धुतले की निळ्यावर पांढरी आकृती उमटते. दुसऱ्या द्रव्याच्या नावातील ‘सायनाइड’ ऐकून घाबरण्याचे कारण नाही, पण ते तीव्र आम्लापासून लांबच ठेवले पाहिजे आणि हाताळणी शिक्षकानेच केली पाहिजे, एवढे अभ्यासक्रमात ठळक लिहावे. पहिल्या वर्षी आमची सगळी चित्रे धुताना फिकी पडली. कागद वाईट, ऊन कमी, द्रावण जुने असे सगळे दोष काढून झाल्यावर लक्षात आले की दोष बोअरच्या पाण्याचा होता. हा निळा रंग अल्कधर्मी पाण्यात उतरतो. बादलीत दोन लिंबे पिळली आणि निळा टिकला. अशा गोष्टी शिक्षक-हस्तपुस्तिकेत असायला हव्यात. सध्या ज्या हस्तपुस्तिका हाती येतात त्यांत उद्दिष्टे भरपूर असतात, बादली क्वचित असते.

ज्या प्रकल्पाने माझे स्वतःचे मत पक्के झाले तो अक्षरांचा होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटमध्ये अक्षरलेखन आहे, आणि मुले ते चौकटी आखून, पट्टीने, कंटाळून करतात. एका दिवाळीनंतर मी नववीच्या मुलांना गावातल्या हाताने रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढायला पाठवले. अट एवढीच की पूर्ण पाटीचा एक आणि तिच्यातल्या एकाच अक्षराचा एक, असे दोन फोटो काढायचे आणि अक्षराच्या फोटोवरून ते अक्षर वहीत हाताने काढायचे. पिठाची गिरणी, सायकल दुरुस्ती, दूध संकलन केंद्र, जुनी पतसंस्था, मारुतीच्या देवळातली देणगीदारांची यादी : मुलांनी सव्वाशेच्या आसपास पाट्या जमवल्या. त्या भिंतीवर लावल्यावर एका मुलीने विचारले की जुन्या पाट्यांवर ‘ल’ आणि ‘श’ वेगळे का आहेत. तोवर मी स्वतः ते कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिलेले नव्हते. पेंटरच्या पाटीवर दोन पाकळ्यांचा ल आणि देठावर उभा असलेला श होता, तर नव्या फ्लेक्सवर हिंदी वळणाचे ल आणि श होते, कारण फ्लेक्स छापणाऱ्याच्या संगणकातला फाँट तसा होता. राज्य शासनाने 2009 च्या निर्णयात देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल हीच मराठीची प्रमाण रूपे म्हणून सांगितली आहेत, आणि शाळेच्या दारावरच्या आमच्याच फ्लेक्सवर ती नव्हती. संगणकाच्या लेखी दोन्ही वळणांचा ल एकच असतो, त्याचे रूप फाँट ठरवतो. आपण हे पत्र मोबाइलवर वाचत असाल तर यातील ल आणि श कोणत्या वळणाचे दिसत आहेत, हे मलाही सांगता येणार नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे मला काही शिकवावे लागले नाही. मुलांनी गावातल्या दोन पेंटरांना शोधले. एक आता रिक्षा चालवतात, दुसरे वाहनांच्या नंबरप्लेट करतात. रिक्षा चालवणाऱ्या काकांनी वर्गात येऊन खडूने फळ्यावर ‘श्री’ काढली, पहिल्यांदा मधली मोकळी जागा आखून आणि मग तिच्या कडेने अक्षर भरत आणून. अक्षर आधी काढायचे नसते, त्याच्या पोटातली जागा आधी काढायची असते, हे त्यांनी ज्या सहजतेने दाखवले तसे मला कला शिक्षक पदविकेच्या वर्गातही कोणी दाखवले नव्हते. त्या वर्षी त्या तुकडीचे अक्षरलेखन सुधारले. त्यामागे फोटोंचा वाटा होता हे मी सिद्ध करू शकत नाही, पण वह्या ठेवलेल्या आहेत.

दुसरे उदाहरण एका मुलाचे. ‘एकच जागा, सहा वेळा’ असा तो प्रकल्प होता, आणि त्याने सोमवारी आठवडी बाजार भरतो ते मैदान निवडले. मला वाटले तो सोमवारची गर्दी आणेल. त्याचा सोमवारचा फोटो सामान्यच होता, परंतु मंगळवार, गुरुवार आणि शनिवारच्या रिकाम्या मैदानाच्या फोटोंत त्याला जागोजागी चार-चार दगड दिसले. बाजारकऱ्यांनी आपापली जागा राखण्यासाठी ठेवलेले ते दगड आठवडाभर हलत नाहीत. मुलांचे क्रिकेट त्या दगडांना वळसा घालून चालते, गुरे त्यांच्यामधून जातात. त्याने मग मैदानाचा नकाशा काढला, पुढच्या सोमवारी प्रत्येक दगडाशी कोण बसते ते विचारून नोंदवले, आणि एका चौकटीपाशी लिहिले : ‘या आजी तीन महिने आल्या नाहीत. दगड कोणी उचलले नाहीत.’ त्या दगडांचा फोटो तांत्रिक दृष्ट्या वाईट आहे. डोक्यावरच्या उन्हामुळे सगळे सपाट दिसते, क्षितिज तिरके आहे. तालुक्याच्या एका प्रदर्शनात, ते कोणते हे सांगण्याची गरज नाही, तो निवडीतच बाद झाला आणि सूर्यास्ताचा एक फोटो पहिला आला. परीक्षकांनी नियमाप्रमाणेच काम केले होते, कारण त्यांच्यापुढे फक्त छापील फोटो होता, वही नव्हती.

मूल्यमापन वहीवरून व्हावे या आग्रहाचे मूळ येथे आहे. वहीत काय असावे, तर खिडकीतून केलेली रेखाटने, टाकून दिलेले फोटो आणि ते का टाकले याचे एखादे वाक्य, विचारलेले प्रश्न, आणि शेवटी त्या विषयावर फोटो न पाहता काढलेले एक स्मरणचित्र. शिक्षकाने गुण देताना पहिल्या आणि शेवटच्या पानात काय फरक पडला हे पाहावे. भारी मोबाइल असलेल्या मुलाचा फोटो चकचकीत येणारच, पण वहीत त्या मोबाइलचा उपयोग नाही. आता तर एक ओळ लिहून हवे ते चित्र यंत्राकडून मिळवता येते, आणि विषय देऊन ‘उत्तम फोटो’ मागणारी कोणतीही स्पर्धा त्यापुढे टिकणार नाही. बाजारातले दगड मात्र मैदानात जाऊनच मोजावे लागतात.

मोबाइलचा प्रश्न टाळता येणार नाही. शाळेत विद्यार्थ्यांनी मोबाइल आणू नये या नियमाच्या मी बाजूचा आहे. आमच्या वर्गात नऊ मोबाइल आहेत, सगळे पालकांनी दिलेले जुने, काचेला तडे गेलेले, सिमकार्ड काढलेले. ते कपाटात राहतात आणि तासापुरते पाच-सहा मुलांच्या गटाला एक असे मिळतात. गटात एकच यंत्र असले की मुले आधी वाद घालतात आणि मग फोटो काढतात, हा मला त्या टंचाईचा फायदाच वाटतो. अनेक शाळांत टॅबही येऊन पडले आहेत. अभ्यासक्रमात एवढे स्पष्ट वाक्य असावे की शाळेच्या ताब्यातील, इंटरनेट बंद असलेले उपकरण कलेच्या तासाला वापरता येईल. असे लेखी वाक्य नसल्याने एका वर्षी एका पालकाच्या तक्रारीवरून माझा प्रकल्प मध्येच थांबवावा लागला होता. तक्रार करणारे गृहस्थ चुकीचे नव्हते. त्यांच्या मुलीचा फोटो वर्गातल्या दुसऱ्या मुलाने काढला होता आणि तिला विचारले नव्हते.

त्या प्रसंगानंतर आमच्या प्रकल्पाचा पहिला पाठ परवानगीचा झाला. माणसाचा फोटो काढण्यापूर्वी विचारायचे, नाही म्हटले की वहीत ‘नाही म्हणाले’ अशी नोंद करून पुढे जायचे, आणि काढलेला फोटो त्या माणसाला दाखवायचा. मुलांना यात अपमान वाटत असे. आता काही जण नकार मोजतात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची अट आहे. हे शाळेने कोठेतरी परिपत्रकात वाचण्यापेक्षा नववीच्या मुलाने स्वतः कॅमेरा हातात असताना शिकलेले बरे. ओघाने, मुले आता मलाही विचारतात की उपक्रमाच्या फोटोसाठी त्यांना कोणी का विचारत नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर मी आपल्यावर सोपवतो.

वेळ आणि माणसे यांविषयी थोडे. पस्तीस मिनिटांच्या सुट्या तासात मैदानावर जाऊन परत येता येत नाही, म्हणून निदान एका सत्रापुरता आठवड्याला एक जोडतास वेळापत्रकात नाव घालून द्यावा. नाव घातलेले नसेल तर तो गणिताच्या जादा तासात जातो, हे वेगळे सांगायला नको. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत सहावी ते आठवीसाठी, पटसंख्या 100 च्या वर असेल तर, कलेसाठी अंशकालीन निदेशक सांगितला आहे. तो आपल्याकडे किती शाळांत प्रत्यक्ष उभा असतो हे आपण जाणता. जेथे कलाशिक्षक नाही तेथे हा प्रकल्प भूगोलाच्या किंवा मराठीच्या शिक्षकाने केला तरी चालेल, पण त्याला तीन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे, आणि ते सभागृहात स्लाइड दाखवून न देता त्याच्याच हातात लग्नपत्रिका आणि कात्री देऊन द्यावे.

एक भीती आहे, ती लिहून ठेवतो. आपण हा प्रकल्प स्वीकारलात तर वर्षभरात त्याचे गाइड निघेल. ‘आदर्श दहा छायाचित्रे’, ‘परीक्षेला येणारे विषय’, आणि तयार वही विकत. पाठ केलेल्या तीन माणसांसारखे पाठ केलेले तीन फोटो येतील. म्हणून कृपया विषयांची यादी देऊ नका. नमुना फोटो तर मुळीच छापू नका. जागा मुलाने निवडावी, ती त्याच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर असावी, आणि शिक्षकाने ती स्वतः जाऊन पाहिलेली असावी, एवढ्या तीन अटी पुरेत.

समितीपैकी कोणाला प्रत्यक्ष पाहायचे असल्यास डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमचा वर्ग पुन्हा अंधारा होणार आहे. सकाळी साडेनऊपूर्वी यावे, कारण तेव्हा बसस्थानकावर समोरून ऊन असते. अकरानंतर भिंतीवरचे चित्र फिके होत जाते आणि दुपारी ऊन थेट भोकातून आत येते. घरी एखादी जुनी लग्नपत्रिका असेल तर सोबत आणावी, आमच्याकडे कात्र्या आहेत.

आपला नम्र,
एक कलाशिक्षक